जिमी स्कॉटचा आवाज: भांडण नेमकं कशावरून?

१९५० सालचं एक ध्वनिमुद्रण आहे. न्यूयॉर्कचा बर्डलँड क्लब. सॅक्सोफोनवर चार्ली पार्कर, ट्रम्पेटवर फॅट्स नवारो, पियानोवर बड पॉवेल, ड्रम्सवर आर्ट ब्लेकी. एवढी बडी मंडळी एका मंचावर आली की जॅझवाले कान टवकारतात ते वाद्यांसाठी. पण मध्येच ‘एम्ब्रेसेबल यू’ सुरू होतं आणि एक उंच, सावकाश, किंचित थरथरता आवाज पुढे येतो. बऱ्याच वर्षांनी ही मैफल एलपी म्हणून बाजारात आली, तेव्हा त्यावर चबी न्यूसम या गायिकेचं नाव छापलं गेलं. या नावाची गायिका खरोखर होती, पण तो आवाज तिचा नव्हता. तो जिमी स्कॉटचा होता. पंचविशीला टेकलेल्या एका पुरुषाचा.

त्याच वर्षी लायनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदासोबत त्याने गायलेलं ‘एव्हरीबडीज समबडीज फूल’ अमेरिकेतल्या रिदम अँड ब्लूज या लोकप्रिय संगीतप्रकाराच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचलं. तबकडीवर नाव होतं ते हॅम्प्टनचं. गाणारा कोण, हे लिहिलेलंच नव्हतं. म्हणजे एका ठिकाणी दुसऱ्याचं नाव आणि दुसऱ्या ठिकाणी नावच नाही. या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य साधारण याच चालीने गेलं.

जिमी स्कॉट (१९२५ ते २०१४) हे नाव जॅझच्या इतिहासात फार विचित्र जागी बसलेलं आहे. रे चार्ल्ससारखा गाजलेला गायक-पियानोवादक त्याच्यावर इतका खूश होता की आपल्या कंपनीतर्फे त्याचा अल्बम काढून स्वतः पियानोला बसला. नॅन्सी विल्सन ही गायिका आयुष्यभर सांगत राहिली की गाणं कसं म्हणायचं ते मी जिमीकडून उचललं. रॉक गायक लू रीडने त्याला आपल्या अल्बमवर गायला बोलावलं. आणि याच आवाजाला मिनिटभरात कंटाळून, किंवा खरं तर अस्वस्थ होऊन, बंद करणारेही भरपूर आहेत. त्यात जॅझ न कळणारेच असतात असं नाही. तीस-तीस वर्षं जॅझ ऐकणारे चांगले कान त्यात आहेत. ‘रडका आहे’, ‘ओढून ताणून गातो’, ‘बाई आहे की बुवा तेच कळत नाही’, ‘लोकांना त्याच्या आवाजापेक्षा त्याची कहाणीच जास्त आवडते’. ही सगळी वाक्यं ऐकायला मिळतात.

माझं म्हणणं असं आहे की हा एक वाद नाही. तीन-चार वेगवेगळे वाद एकात एक गुंतले आहेत. आणि त्यातला सगळ्यात गाजणारा, म्हणजे आवाजाच्या पट्टीचा, तोच खरं तर सगळ्यात बिनमहत्त्वाचा. तरी सुरुवात तिथूनच करायला हवी, कारण शरीराचा भाग समजल्याशिवाय पुढचं बोलता येत नाही.

आवाज फुटलाच नाही, म्हणजे काय झालं?

मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागातून एक संप्रेरक ठरावीक अंतराने सुटू लागतं. ते पिट्युटरी ग्रंथीला जागं करतं, ती वृषणांना जागं करते, आणि वृषणं टेस्टोस्टेरॉन बनवू लागतात. या टेस्टोस्टेरॉनचा एक मुक्काम स्वरयंत्रात असतो. तिथली कूर्चा पुढे वाढते, जिला आपण कंठमणी म्हणतो. आतले स्वरतंतू लांब आणि जाड होतात. लांब-जाड तार खर्जात घुमते, आखूड-बारीक तार उंच वाजते, हे तंबोरा जुळवणाऱ्याला सांगायला नको. मुलाचा आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. मोठ्या पुरुषाचे बोलतानाचे स्वरतंतू सेकंदाला शंभर ते दीडशे वेळा कंप पावतात, बाईचे दोनशेच्या आसपास.

जिमी स्कॉटच्या बाबतीत ही साखळी सुरूच झाली नाही. त्याला कॉलमन सिंड्रोम नावाचा जन्मजात विकार होता. फ्रान्झ कॉलमन या मनोविकारतज्ज्ञाने तो आनुवंशिक असल्याचं १९४४ साली मांडलं, म्हणून हे नाव. यातली गंमत, म्हणजे वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने गंमत, अशी की ज्या पेशी पुढे जाऊन ते पहिलं संप्रेरक सोडणार असतात, त्या गर्भात मेंदूत तयारच होत नाहीत. त्या नाकाच्या भागात तयार होतात आणि गंधाच्या मज्जातंतूंचा आधार घेत मेंदूपर्यंत चालत जातात. कॉलमनमध्ये हा प्रवास अर्ध्यात थांबतो. त्यामुळे या विकाराची दोन लक्षणं जोडीने येतात: वयात न येणं आणि वास न येणं. वरवर पाहता दोन्हींचा काही संबंध वाटत नाही. मुलग्यांमध्ये साधारण तीस हजारांत एकाला हा विकार होतो असं मानतात. आज तो वेळेत ओळखला तर संप्रेरकांचे उपचार करता येतात, आणि त्या उपचारांत बहुतेकदा आवाजही उतरतो. १९३०च्या दशकातल्या क्लीव्हलँडमध्ये, दहा भावंडांच्या गरीब कृष्णवर्णीय घरात, हे काही होणं शक्य नव्हतं.

या विकाराचा आणखी एक परिणाम. हाडांची टोकं बंद होऊन उंची थांबावी यासाठीही याच संप्रेरकांची गरज असते. ती नसली तर हाडं वाढायला मोकळी राहतात. तरी बरीच वर्षं जिमी स्कॉट चार फूट अकरा इंचांचाच होता. ‘लिटल जिमी स्कॉट’ हे नाव त्यावरूनच पडलं. आणि वयाच्या ३७व्या वर्षी त्याची उंची वाढली. थोडीथोडकी नव्हे, आठ इंच. पाच फूट सात इंचांचा झाला. आवाज मात्र जिथे होता तिथेच राहिला.

इथे एक घोळ नेहमी होतो, तो निस्तरू. लोक या आवाजाला फॉल्सेटो म्हणतात. तो फॉल्सेटो नाही. फॉल्सेटो म्हणजे मोठ्या, उतरलेल्या स्वरयंत्राचा माणूस स्वरतंतूंच्या फक्त कडा हलवून वरचा, हलका, थोडा पोकळ सूर काढतो तो. ते एक तंत्र आहे, हवं तेव्हा लावता येतं, हवं तेव्हा काढता येतं. जिमी स्कॉटचा उंच आवाज हाच त्याचा बोलण्याचा, हाका मारण्याचा, भांडण्याचा आवाज होता. त्याच्याखाली दुसरा आवाज दडवून ठेवलेला नव्हता. शरीराच्या हिशेबाने त्याचे जवळचे नातेवाईक शोधायचे तर ते युरोपातले कास्त्राती, म्हणजे लहानपणीच शस्त्रक्रिया करून ज्यांचा आवाज फुटू दिला जात नसे ते गायक. त्यांच्यातला एक, व्हॅटिकनचा अलेस्सांद्रो मोरेस्की, १९०२ आणि १९०४ साली ध्वनिमुद्रित झाला, म्हणून तो आवाज कसा लागत असे याचा थोडासा अंदाज येतो. स्कॉटच्या बाबतीत सुरीचं काम निसर्गाने केलं होतं.

मराठी वाचकाला इथे बालगंधर्व आठवतील. आठवणं साहजिक आहे, पण ती तुलना इथे फारशी कामाची नाही. बालगंधर्वांचा आवाज प्रौढ पुरुषाचाच होता आणि प्रेक्षकांना तिकीट काढतानाच ठाऊक असायचं की समोर पुरुष स्त्रीभूमिका करणार आहे. नाटकाचा करार स्पष्ट होता. जिमी स्कॉट कुठलीही भूमिका करत नव्हता. सूट-टाय घालून पुरुष म्हणून उभा राहून पुरुषाची प्रेमगीतं गात होता, आणि नेमकं तेच लोकांना पचत नव्हतं. प्रेक्षकांतून शेरे यायचे. ही बाईच आहे, पुरुषाच्या वेशात फिरते, अशा अफवाही पसरल्या.

आपला कान आवाज ऐकताच बोलणाऱ्याचं वय आणि लिंग ठरवून मोकळा होतो. हे तो दोन खुणांवरून करतो. एक, सुराची उंची. दुसरी, घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळीतून आवाजाला मिळणारी घुमार. लहान मुलाची पोकळी लहान, म्हणून घुमारही हलकी. जिमी स्कॉटच्या आवाजात सूर उंच असतो, पण श्वास, दम आणि शब्द जड करण्याची पद्धत पिकलेल्या माणसाची. कानाला दोन वेगवेगळ्या चिठ्ठ्या मिळतात. काहींना त्यातूनच जादू वाटते, काहींना शिसारी येते. दोघांनाही खोटं ठरवता येत नाही, कारण दोघंही गाण्यावर मत देत नसून कानाच्या पहिल्या झटक्याबद्दल बोलत असतात.

हा झटका किती फसवा आहे ते पाहा. १९६२ साली फ्रँकी व्हॅली हा न्यू जर्सीचा गायक ‘शेरी’ नावाचं गाणं भयानक उंच फॉल्सेटोत गायला आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. व्हॅली पुरुष आहे की बाई, हा प्रश्न कुणाला पडला नाही. म्हणजे पुरुषाने उंच गाण्यावर अमेरिकेचा आक्षेप नव्हता. ते सोंग आहे, खाली एक ‘खरा’ आवाज शाबूत आहे, याची खात्री मात्र त्यांना हवी होती.

खरं प्रकरण लयीचं आहे

पट्टीचा वाद इथे सोडून देऊ. कारण स्कॉटचं गाणं शांतपणे दहा मिनिटं ऐकलं की उंचीची सवय होते, जशी कुठल्याही आवाजाची होते. उरतो तो लयीचा प्रश्न. आणि तो खरोखर कठीण आहे.

जॅझमधलं संथ गाणं, ज्याला ते बॅलड म्हणतात, बहुधा बत्तीस मात्रासमूहांचं असतं. प्रत्येक समूहात चार ठोके. बास वाजवणारा आणि ड्रमर हे ठोके धरून असतात, पियानो किंवा गिटार त्यावर स्वरसंघ (कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर) बदलत जाते. बदल कुठे होणार हे ठरलेलं असतं, आणि गाण्याचा शब्दही त्या बदलाशी बांधून लिहिलेला असतो. महत्त्वाचा शब्द महत्त्वाच्या ठोक्यावर. साधा गायक तो तिथेच ठेवतो. कसलेला गायक थोडं मागेपुढे करतो. बिली हॉलिडे या जॅझ गायिकेने हे मागे राहून गाणं एवढं रुजवलं की नंतरच्या सगळ्यांनी तिच्याकडून थोडंफार घेतलं.

जिमी स्कॉट थोडं मागे राहत नाही. तो इतका मागे राहतो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, याची ओळ चुकली. आपल्या भाषेत सांगायचं तर सम येऊन जाते, वाद्यं पुढच्या आवर्तनाकडे वळायला लागतात, आणि या गृहस्थांनी अजून शब्द उचललेला नसतो. मग तो उचलतात, आणि तोही एका झटक्यात नाही. पहिलं अक्षर हळूच, मधला स्वर ताणत, आणि शेवटचं व्यंजन कधीकधी पार गिळून. वाद्यांखाली स्वरसंघ बदललेला असतो, पण त्याच्या तोंडात अजून मागच्या संघातला सूर असतो, त्यामुळे एक क्षण दोन्ही एकमेकांना घासतात. तो घासलेला क्षण हीच त्याची सही आहे. पुढचे दोन-तीन शब्द मग तो भरभर, जवळजवळ बोलल्यासारखे टाकतो आणि ओळीच्या शेवटी वाद्यांना गाठतो. काही वेळा गाठतही नाही, पुढच्या ओळीत उधारी फेडतो.

हे १९६३च्या ‘फॉलिंग इन लव्ह इज वंडरफुल’ या अल्बममधल्या ‘इफ आय शुड लूज यू’ या गाण्यात फार छान दिसतं. मागे व्हायोलिनांचा भला मोठा ताफा आहे. असा ताफा लवचीक नसतो. संगीतरचना कागदावर लिहिलेली, वादक कागद बघून वाजवणार, गायकासाठी थांबायची सोय नाही. स्कॉटने रेंगाळावं आणि ताफ्याने आपल्या वेगाने चालत राहावं, हे त्यात चालू असतं. ऐकताना जीव टांगणीला लागतो. हा आता बुडणार, असं दर दोन ओळींनी वाटतं, आणि तो बुडत नाही.

त्याला साथ करणाऱ्यांची यात कसोटी लागते. गायक मागे राहतोय म्हणून पियानोवाला सहानुभूतीने थोडा हळू झाला की खेळ संपला. मग मागे राहणं उरतच नाही, सगळेच मिळून हळू होतात आणि गाणं चिखलात रुतल्यासारखं होतं. मागे राहायला पुढे जाणारं कुणीतरी लागतं. त्यामुळे त्याची चांगली ध्वनिमुद्रणं ती, ज्यात साथीदार निर्दय आहेत. १९९२च्या ‘ऑल द वे’ या अल्बमवर पियानोला केनी बॅरन, बासला रॉन कार्टर, ड्रम्सला ग्रेडी टेट आहेत. तिघंही घड्याळासारखे. त्यातलं शीर्षकगीत फ्रँक सिनात्राने १९५७ साली गाजवलेलं. सिनात्राचं आधी ऐका. तो प्रत्येक ओळ अशी बोलतो, जणू समोरच्याला वचन देतोय, आणि वचन देणारा माणूस अडखळत नाही. मग स्कॉटचं ऐका. तेच शब्द, तीच चाल, पण इथे वचन देणाऱ्याला आपण किती मोठी गोष्ट बोलतोय हे बोलता बोलता कळत चाललंय असं वाटतं. मला स्वतःला दुसरं जास्त खरं वाटतं. सिनात्राच्या भक्तांनी माफ करावं, नाही केलं तरी चालेल.

ज्यांना हे आवडत नाही त्यांचा आक्षेप इथे पट्टीपेक्षा कितीतरी वजनदार होतो. ते म्हणतात, प्रत्येक गाणं याच तऱ्हेने म्हटलं तर ती शैली न राहता खोड होते. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. स्कॉट द्रुत गाण्यात फारसा रमत नाही, आणि एका बैठकीत त्याची आठ-दहा गाणी लागोपाठ ऐकली की प्रत्येक ओळ कुठे लोंबकळणार याचा अंदाज येऊ लागतो. अंदाज आला की जीव टांगणीला लागत नाही. ही त्याच्या गाण्याची खरी मर्यादा आहे. यावर माझा उपाय असा की त्याला पूर्ण अल्बमभर ऐकूच नये. दोन गाणी, फार तर तीन.

आणि पट्टी बिनमहत्त्वाची का, याचा पुरावा नॅन्सी विल्सन. तिच्या साठच्या दशकातल्या संथ गाण्यांत शब्दाचं टोक गिळणं, सूर सोडता सोडता आवाज बारीक करणं, ओळ मागे ठेवून शेवटी गाठणं, हे सगळं स्कॉटचं आहे, आणि ती ते लपवत नसे. ती प्रचंड लोकप्रिय झाली. तीच पद्धत बाईच्या गळ्यात गेल्यावर डौलदार ठरली.

रडका की हळवा?

आता तिसरा वाद. स्कॉटच्या आवाजात कंप मोठा आहे. पाश्चात्त्य गायकीत लांब सुराच्या शेवटी जे हलकं आंदोलन देतात, ज्याला व्हायब्रेटो म्हणतात, ते साधारण सेकंदाला पाच-सहा हेलकाव्यांचं असतं. हेलकावे संथ आणि रुंद झाले की ऐकणाऱ्याला तो हुंदका वाटू लागतो. स्कॉटचे रुंदच आहेत. वय वाढलं तसे ते आणखी रुंद झाले.

त्यात त्याची कहाणी येऊन मिसळते. तो तेरा वर्षांचा असताना त्याची आई मोटार अपघातात गेली. ती चर्चमध्ये पियानो वाजवायची, आणि तिथेच तिच्यासोबत तो गायला शिकला. आईमागे भावंडं विखुरली, अनाथालयात आणि परक्यांच्या घरी वाढली. १९६९च्या ‘द सोर्स’ या अल्बममध्ये त्याने ‘समटाइम्स आय फील लाइक अ मदरलेस चाइल्ड’ हे गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेलं गाणं म्हटलंय. हे सगळं माहीत असलेला माणूस ते गाणं कोरड्या डोळ्यांनी ऐकणं अवघडच. विरोधकांचं म्हणणं नेमकं हेच: तुम्ही गाणं ऐकत नाही, चरित्र ऐकता.

यात तथ्य आहे. स्कॉटवर लिहिलेलं बहुतेक सगळं लिखाण आधी विकार सांगतं, मग आई, मग हालअपेष्टा, आणि शेवटी गाणं. मीही वर साधारण तसंच केलं, कारण दुसरा रस्ता सापडत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. १९५० साली ‘एव्हरीबडीज समबडीज फूल’ विकत घेणाऱ्या हजारो लोकांना ही कहाणी ठाऊक नव्हती. त्यांना गायकाचं नावही ठाऊक नव्हतं. नुसत्या आवाजावर आणि म्हणण्यावर ते गाणं चाललं.

मतं एवढी टोकाची होण्यामागे एक साधं व्यावहारिक कारणही आहे, ज्याकडे दोन्ही पक्ष दुर्लक्ष करतात. ऐन उमेदीची वीसेक वर्षं लोकांना हा माणूस धड ऐकायलाच मिळाला नाही. पन्नासच्या दशकात तो नेवार्कच्या सॅव्हॉय रेकॉर्ड्सबरोबर करारात होता. मालक हर्मन लुबिन्स्की. १९६३ साली रे चार्ल्सने आपल्या टँजरिन कंपनीतर्फे ‘फॉलिंग इन लव्ह इज वंडरफुल’ काढला. मार्टी पेच आणि जेराल्ड विल्सन यांची वाद्यरचना, चार्ल्सचा पियानो. कव्हरवर मात्र गायकाऐवजी एका अनोळखी जोडप्याचा फोटो. अल्बम दुकानांत पोहोचतो न पोहोचतो तोच लुबिन्स्कीने करार दाखवला, की हा गायक माझा आहे. अल्बम मागे घेतला गेला. तो पुन्हा रीतसर निघायला चाळीसेक वर्षं लागली. तोवर जुनी प्रत ज्याच्याकडे असेल तो संग्राहक तिला तिजोरीत ठेवत असे. ‘द सोर्स’लाही सॅव्हॉयच्या हरकतीचं ग्रहण लागलं.

जिमी स्कॉट क्लीव्हलँडला परतला. इस्पितळात मदतनीस, हॉटेलात लिफ्टमन, मालाची आवकजावक बघणारा कारकून, अशी कामं केली. अनेकांना तो मेला असंच वाटत होतं. त्यामुळे त्याच्याबद्दलचं मत दोन पिढ्या तोंडी चालत आलं. ज्यांनी क्लबात ऐकलं ते देव मानायचे, ज्यांनी नुसतं नाव ऐकलं ते खांदे उडवायचे. ज्याचं गाणं बाजारात नाही त्याच्याविषयी मधलं, मोजूनमापून दिलेलं मत तयार व्हायला जागाच नसते.

मग आलं १९९१. गीतकार डॉक पोमस वारला. तो स्कॉटचा जुना चाहता, याला कुणीतरी संधी द्या म्हणून वर्षानुवर्षं लोकांच्या मागे लागलेला. त्याच्या अंत्यविधीला स्कॉट ‘समवन टू वॉच ओव्हर मी’ गायला. समोर सायर रेकॉर्ड्सचा सीमोर स्टाइन बसला होता. त्याने स्कॉटला करारबद्ध केलं आणि त्यातून ‘ऑल द वे’ झाला. त्याला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. लू रीडही त्या अंत्यविधीत होता. त्याच वर्षी जूनमध्ये डेव्हिड लिंचच्या ‘ट्विन पीक्स’ या मालिकेच्या शेवटच्या भागात लाल पडद्यांच्या खोलीत, काळ्या-पांढऱ्या नागमोडी फरशीवर, जुन्या माइकसमोर उभा राहून स्कॉट ‘सिकमोर ट्रीज’ गाताना दिसला. दिवे लुकलुकत होते. लाखो लोकांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते असं, जणू दुसऱ्या जगातून आलेलं काहीतरी.

यामुळे त्याला नवा श्रोता मिळाला, आणि माझ्या मते त्याचं नुकसानही झालं. साठीतला, झिजलेला, श्वास कमी पडणारा आवाज हाच ‘जिमी स्कॉटचा आवाज’ म्हणून ठसला. वरच्या सुरांची कड फाटलेली, कंप आवरेनासा झालेला. जुन्या चाहत्यांना त्यातही तरुण स्कॉट ऐकू येतो, कारण त्यांच्या कानात तो आधीपासून आहे. नव्या माणसाला फक्त झीज ऐकू येते, आणि तो म्हणतो की तुम्ही म्हातारपणाचं कौतुक करताय. दोघं वेगवेगळ्या काळातल्या दोन गायकांबद्दल बोलत असतात.

‘हे जॅझ आहे का?’ हा उरलेला वाद लवकर आटोपतो. स्कॉट अर्थहीन अक्षरांच्या ताना घेत नाही, चाल फारशी बदलत नाही, म्हणून काही शुद्धतावादी त्याला भावनाळू पॉप गायक म्हणतात. सूर न बदलता फक्त वेळ बदलणं ही उत्स्फूर्त रचना (इम्प्रोव्हायझेशन) नव्हे, असं ज्याला वाटतं त्याने शेवटच्या काळातल्या बिली हॉलिडेलाही बाहेर काढावं लागेल. २००७ साली अमेरिकेच्या सरकारी कला-निधीने त्याला जॅझ मास्टर हा किताब दिला, तेव्हा हा प्रश्न कागदावर तरी मिटला.

ऐकायचंच असेल तर कुठून सुरुवात करावी? १९६३च्या अल्बमपासून. तिथे आवाज शाबूत आहे आणि मागचा ताफा थांबत नाही. त्यातली दोनच गाणी. दुसऱ्या दिवशी नॅन्सी विल्सनची एखादी संथ ध्वनिफीत, म्हणजे पद्धत कुठली आणि गळा कुणाचा हे वेगळं करता येईल. मग १९९२चं ‘ऑल द वे’, सिनात्राच्या पाठोपाठ. ‘सिकमोर ट्रीज’ सगळ्यांत शेवटी आणि चित्र न बघता. १९९८च्या ‘होल्डिंग बॅक द इयर्स’मध्ये त्याने जॉन लेनन, एल्टन जॉन वगैरेंची पॉप गाणी घेतली आहेत. उत्सुकता असेल तर ऐका, पण ती गाणी त्याला पुरत नाहीत. पॉप गाण्यात स्वरसंघ कमी आणि तेच तेच फिरत असतात. खाली काही बदलतच नसेल तर मागे राहून घासायचं कशाशी?